सीनेनं नेलेल्या पाटल्या आणि आयकराचा रकाना

पत्र:

मॅडम, नमस्कार. माढा तालुक्यात सीनेच्या काठावर आमचं गाव. रस्त्याकडेला माझ्या नावावर कापडाचं दुकान, मागं तीन खोल्यांचं घर. सप्टेंबरच्या पुरात दोन दिवस पाणी पंख्याला टेकलं होतं. साड्या, शाळेचे गणवेश मिळून साडेनऊ लाखांचा माल गेला. घरातला फ्रिज, गाद्या, मुलीची पुस्तकं, आणि लोखंडी कपाट दारासकट फुटून आईनं दिलेल्या अडीच तोळ्यांच्या पाटल्या गेल्या. सरकारचे दहा हजार मिळाले. दुकानाचीही मदत येणार आहे, असं तलाठी म्हणतात.

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात असतो. गेल्या वर्षी तिकडच्या वादळात त्याच्या घराचं तळघर बुडालं, तेव्हा ते नुकसान त्याला करातून वजा मिळालं. तो म्हणतो, मावशी, तुम्हालाही मिळेल, नीट विचारा. मालक हायस्कूलला शिक्षक आहेत, वर्षाचा पगार 13 लाख 80 हजार, त्यातून कर कापला जातो. आमचं नुकसान त्यातून वजा करता येईल का? गावात एक जण म्हणतो, दहा टक्के द्या, पुराच्या नावावर सगळा कर परत आणून देतो. आणि भाचा साडेतीन लाख पाठवायचं म्हणतोय, ते मालकांच्या खात्यावर घ्यावेत का?

– एक दुकानदार, जि. सोलापूर

उत्तर:

ताई, तुमच्या भाच्याचं काही चुकलं नाही. तो त्याच्या देशाचा कायदा सांगतोय. तिकडे घर, गाडी, घरातलं सामान यांचं आपत्तीत झालेलं वैयक्तिक नुकसान उत्पन्नातून वजा मिळतं, अर्थात अटी घालून. 2018 ते 2025 या वर्षांत ही सवलत राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केलेल्या भागापुरतीच ठेवली होती. विम्याचे पैसे आधी वजा करायचे, मग एकेका घटनेमागे 100 डॉलर सोडायचे, मग वर्षाच्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतचं नुकसान स्वतः सोसायचं, आणि त्याच्या वर उरेल तेवढंच वजा. हेलीन वादळासारख्या काही आपत्तींसाठी डिसेंबर 2024 मध्ये वेगळा कायदा झाला, त्यात ती 10 टक्क्यांची अट काढली आणि 100 चे 500 डॉलर केले. म्हणून भाच्याच्या हातात खरंच काही पडलं. सामानाची किंमतही तिथे मनाला येईल ती धरता येत नाही. घेतली तेव्हाची किंमत आणि आपत्तीमुळे उतरलेली किंमत, यातली जी कमी ती.

आपल्याकडे असा रकानाच नाही. फ्रिज, गाद्या, पुस्तकं, भिंतींचा गिलावा, यातलं काहीही आयकरातून वजा होत नाही. पुरात नाही, भूकंपात नाही, आगीत नाही. आपला कायदा उत्पन्नाकडे बघतो आणि ते उत्पन्न मिळवताना झालेला खर्च मान्य करतो. घर चालवताना झालेला खर्च किंवा घराचं नुकसान हा तुमचा खासगी मामला, असं तो धरून चालतो. मला हे पटत नाही. पोटाला चिमटा घेऊन घेतलेलं सामान एका रात्रीत गेलं तर कर भरणाऱ्या माणसाला त्या वर्षी थोडी सूट द्यायला हरकत नव्हती. पण सदरात मला कायदा आहे तसा सांगायचा आहे.

पाटल्यांचं त्याहून विचित्र आहे. फ्रिज-गाद्यांना कायदा भांडवली मालमत्ता मानत नाही, दागिन्यांना मानतो. म्हणजे पाटल्या विकून फायदा झाला असता तर त्यावर कर लागला असता. मग गेल्या तर तोटा का नाही? कारण भांडवली तोटा धरायला ‘हस्तांतर’ व्हावं लागतं. मालमत्ता कुणाला तरी जावी लागते. सीनेनं पाटल्या विकत घेतल्या नाहीत, नुसत्या नेल्या. हस्तांतर आणि नाश यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये वानिया सिल्क मिल्सच्या प्रकरणात मांडला होता. आगीत जळालेल्या यंत्रांच्या विम्याच्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागू शकत नाही, कारण यंत्रं जळाली, हस्तांतरित झाली नाहीत, असा तो निकाल होता. निकाल करदात्याच्या बाजूचा होता म्हणून सरकारने पुढे कायदाच बदलला. आता पूर, आग, भूकंप, दंगल यांत मालमत्ता गेली आणि विम्याचे पैसे आले तर तेवढ्यापुरतं हस्तांतर झालं असं मानतात आणि नफ्यावर कर घेतात. विमा नसलेल्या माणसासाठी मात्र कुणी काही बदललं नाही. तुमच्या पाटल्यांचा विमा नव्हता, तेव्हा आयकराच्या दृष्टीने त्या कधी नव्हत्याच.

आता मालकांचा पगार. नव्या करपद्धतीत 13 लाख 80 हजारांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की 13 लाख 5 हजार उरतात. त्यावर उपकरासह ₹78,780 कर होतो. एवढा आकडा समोर असताना दुकानाचं नुकसान त्यातून वळतं करावंसं वाटणं साहजिक आहे. पण दुकान तुमच्या नावावर आहे आणि पगार त्यांचा आहे. आयकरात नवरा-बायको दोन वेगळी खाती. बरं, दुकान त्यांच्याच नावावर असतं तरी उपयोग नव्हता, कारण धंद्यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करायला कायदा साफ मनाई करतो. घरदुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर जुन्या पद्धतीत त्याच्या व्याजाची वर्षाला 30 हजारांपर्यंत वजावट आहे. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी तीही नाही, आणि मालकांना नवी पद्धतच स्वस्त पडते.

खरी वजावट आहे ती दुकानाच्या मालाची. विक्रीसाठी ठेवलेला माल पुरात गेला तर तो धंद्याचा तोटा, आणि धंद्याचा तोटा नफ्यातून वजा होतो. त्यासाठी वेगळं कलम शोधावं लागत नाही. 31 मार्चला माल मोजायचा, वाहून गेलेला माल शिलकेत येत नाही, म्हणून नफा आपोआप तेवढा उतरतो. (काही जण शिल्लक कमी दाखवून वर ‘पुराचा तोटा’ म्हणून तीच रक्कम पुन्हा खर्चात टाकतात. असं दोनदा करू नका.) सामान्य माणसाला वाटतं, कायद्यात लिहिलेलं नाही म्हणजे मिळत नाही. पण धंद्याच्या ओघात आलेलं नुकसान नफा काढतानाच वजा होतं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच बद्रीदास डागा यांच्या खटल्यात मान्य केलं. तिथे तर नोकरानेच पैसे उचलले होते.

पण तुमची विक्री किती? तुम्ही ती लिहिली नाही. साडेनऊ लाखांच्या मालावरून मी वर्षाची विक्री 38 लाख धरते. असे बहुतेक दुकानदार आयकर कायद्याच्या कलम 44 एडी खाली विवरणपत्र भरतात, म्हणजे हिशेबाच्या वह्या न ठेवता रोखीच्या विक्रीवर 8 टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा धरायचा. तुम्हीही तेच करत असणार. निम्मी विक्री रोख, निम्मी फोनवर धरली तर नफा 2 लाख 66 हजार होतो. या सोयीत नुकसानीला जागाच नाही. माल बुडो, जळो, उंदीर खावो, नफा ठरलेला.

इथे तुमचे सीए किंवा शेजारचे दुकानदार म्हणतील, यंदा 44 एडी सोडा, वह्या लिहा, साडेनऊ लाखांचा तोटा दाखवा आणि पुढची आठ वर्षं वापरा. कायद्याने हे करता येतं. मी तुम्हाला ते करा असं सांगणार नाही. का ते बघा. 2 लाख 66 हजारांवर तुम्हाला कर किती? शून्य. नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाही आणि 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्यच होतो. तोटा दाखवून यंदा तुमचा एक रुपया वाचत नाही. पुढच्या आठ वर्षांतही दुकान आहे तसंच चाललं तर वाचणार नाही, कारण मुळात कापायला करच नाही. उलट एकदा 44 एडी मधून बाहेर पडलात की पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. तेवढी वर्षं वह्या, हिशेबनिसाचा पगार, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेलं तर ऑडिटची फी. आणि दुकान उभं करायला बँकेत कर्ज मागायला गेलात की साहेब पहिल्यांदा शेवटच्या तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. त्यात वर्षाचा नफा वजा जाऊनही साडेसहा-सात लाखांचा तोटा दिसला तर बोलणी तिथेच अडतात.

तुमच्यापेक्षा मोठं दुकान असलेल्या, दरवर्षी खरोखर कर भरणाऱ्या वाचकांचं गणित वेगळं आहे. त्यांनी वह्यांवरूनच तोटा काढावा, विवरणपत्र 4 ऐवजी 3 नंबरचं भरावं, आणि मुदत एका दिवसानेही चुकवू नये. मुदतीनंतर भरलेल्या विवरणपत्रातला धंद्याचा तोटा पुढे ओढता येत नाही. काउंटर, रॅक, शिलाई मशीन यांचं नुकसान एकदम खर्चात जात नाही, ते घसाऱ्याच्या हिशेबातून हळूहळू येतं.

तुम्हाला मात्र आयकरापेक्षा जीएसटी आधी चावणार आहे, आणि याबद्दल तुम्ही एक अक्षर विचारलेलं नाही. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, परत करावं लागतं. कायदा हे स्पष्ट सांगतो, पूर आला होता म्हणून माफी नाही. तुम्ही कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्का भरायच्या छोट्या दुकानदारांच्या पद्धतीत असाल तर हा भाग सोडून द्या, त्यात क्रेडिट मुळातच नसतं. पण नियमित पद्धतीत असाल, तर साडेनऊ लाखांच्या साड्यांवर 5 टक्क्यांनी ₹47,500 होतात. दर खरेदीच्या बिलावर असेल तोच धरायचा. 22 सप्टेंबर 2025 ला बदललेले नवे दर याला लावायचे नाहीत. ही रक्कम जीएसटीच्या 3बी विवरणपत्रामध्ये क्रेडिट उलटवण्याच्या रकान्यात स्वतःहून दाखवा. तुम्ही दाखवली नाही आणि खात्याने काढली, तर वर व्याज. तुम्ही दर तीन महिन्यांनी भरत असाल तरी त्यावरून तुमची पद्धत कळत नाही, दोन्हींकडे तिमाही असते. नोंदणीचा दाखला काढून बघा.

एक सूट यात आहे. चिखलात भिजलेल्या पण धुऊन वाळवून स्वस्तात विकलेल्या साड्या ‘नष्ट’ धरत नाहीत. त्यांचं क्रेडिट परत करायचं नाही, फक्त ती विक्री बिलावर आणायची. सांगलीत 2019 च्या पुरानंतर गणपती पेठेच्या बाजूला शंभर-दीडशेला साडी विकली जात होती. कृष्णा तेव्हा आयर्विन पुलाशी 57 फूट 6 इंचांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 आहे. माझ्या एका अशिलाने त्या भिजल्या साड्यांची विक्री कच्च्या कागदावर लिहून ठेवली आणि तो कागद हरवला. मग विकलेला मालही नष्ट झालेल्या मालात मोजला गेला आणि त्याने गरज नसताना क्रेडिट परत केलं.

आता उठा आणि बँकेचं पासबुक काढा. दुकानावर कॅश क्रेडिट किंवा मुद्रा कर्ज असेल तर वर्षातून एकदा तीन-चार आकडी रक्कम ‘इन्शुरन्स’ म्हणून कापलेली असते. बँक आपल्या तारणासाठी मालाचा विमा परस्पर उतरवते आणि पॉलिसीचा कागद बँकेच्याच फायलीत राहतो. दुकानदाराला पत्ता नसतो. अशी नोंद सापडली तर आजच शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा आणि नुकसानीची लेखी खबर विमा कंपनीला द्या. उशीर झालाच आहे, पण पूर सगळ्या जगाला माहीत होता आणि पंचनामा तुमच्याकडे आहे. पैसे मंजूर झाले तर विवरणपत्र भरण्याआधी सल्लागाराला सांगा. मालाच्या विम्याचे पैसे म्हणजे धंद्यातली आवक, भेट नव्हे.

सरकारी मदतीचं सोपं आहे. आपत्तीमुळे केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेकडून मिळालेली भरपाई करमुक्त आहे. मिळालेले दहा हजार आणि दुकानासाठी येतील ते, दोन्ही. अपवाद एकच: ज्या नुकसानीची वजावट तुम्ही घेतली असेल, तेवढ्यापुरती भरपाई करमुक्त राहत नाही. तुम्ही 44 एडी मध्ये राहिलात तर वजावटच घेतलेली नाही, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

आणि भाचा. इथे थांबून नीट वाचा, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी चूक अजून व्हायची आहे. नातेवाइकाकडून आलेल्या भेटीवर कर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नातेवाईक कोण, हे कायद्याने यादी देऊन ठरवलंय. नवरा-बायको, भाऊ-बहीण, नवऱ्याचे किंवा बायकोचे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, वरची आणि खालची सरळ पिढी, आणि या सगळ्यांचे जोडीदार. यात मावशी आहे, मामा आहे, आत्या आहे. भाचा नाही. तुम्ही भाच्याला दिलेत तर तुम्ही त्याच्या आईची बहीण, करमुक्त. भाच्याने तुम्हाला दिले तर तो कायद्याच्या लेखी परका. परक्याकडून वर्षात 50 हजारांपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की सगळीच रक्कम उत्पन्नात येते, फक्त वरची नव्हे. आपल्याकडे मावशीला दुसरी आई म्हणतात, कायद्याने हे अर्धंच ऐकलेलं दिसतं.

म्हणून साडेतीन लाख मालकांच्या खात्यावर अजिबात घेऊ नका. ते त्यांच्या 13 लाख 5 हजारांवर चढतील आणि ₹57,460 कर जादा बसेल. भाच्याच्या मदतीचा सहावा हिस्सा. तुमच्या खात्यावर घेतलेत तर तुमचं उत्पन्न 2 लाख 66 हजार अधिक साडेतीन लाख, म्हणजे 6 लाख 16 हजार. बारा लाखांच्या आत, कर शून्य. विवरणपत्रात ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचं मात्र विसरू नका. त्याचं पत्र घेऊन जपून ठेवा, विवरणपत्राला कागद जोडायचे नसतात. पत्रात रक्कम, तारीख, कारण आणि सही एवढं पुरे. तुमची बहीण स्वतःच्या पैशातून देऊ शकत असेल तर त्याहून सोपं. बहिणीकडून आलेली भेट तुमच्या खात्यावर घ्या की मालकांच्या, करमुक्तच. भाच्याने आईला पाठवावेत आणि आईने लगेच तुम्हाला, अशी फिरवाफिरवी काही जण सुचवतील. तुमच्या आकड्यांत त्याची गरजच नाही, तर कशाला कुणाला शंका घ्यायला जागा द्यायची.

दहा टक्केवाल्याचं काय करायचं ते तुम्ही ओळखलंच असेल. ‘पुराच्या नावावर’ परत मिळण्यासारखं कायद्यात काही नाही, हे वर सांगितलं. मग तो काय करणार? मालकांना जुन्या पद्धतीत टाकून न दिलेलं घरभाडं आणि कुठल्याशा पक्षाला न दिलेली देणगी लिहिणार. परतावा येईलही. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी अशाच खोट्या वजावटी करून देणाऱ्यांची तपासणी केली. नोटीस आली की ती मालकांच्या नावाने येते, दहा टक्केवाल्याच्या नाही. खोटी माहिती देऊन बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड आहे, कर आणि व्याज वेगळं. शिक्षकाच्या नोकरीत हे परवडणारं नाही.

शेवटी कागद. पंचनाम्यात तलाठ्याने ‘कापड माल अंदाजे’ असं लिहिलं असेल, तेवढ्यावर विमा कंपनी आणि जीएसटीवाले समाधानी होत नाहीत. खरेदीची बिलं वाहून गेली असली तरी घाबरू नका. नियमित पद्धतीत असाल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर 2बी या तक्त्यामध्ये पुरवठादारांनी दाखवलेली गेल्या दोन वर्षांची खरेदी त्यांच्या नावासकट दिसते. सुरतच्या आणि सोलापूरच्या व्यापाऱ्यांना फोन करून बिलांच्या प्रती मागवा, ते देतात, त्यांनाही तुम्ही पुढचा माल घ्यायला हव्या असता. जी बिलं चिखलात सापडली असतील ती साध्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन दोरीवर चिमटे लावून सावलीत वाळवा आणि मग प्रत्येकाचा फोटो काढा. बॉलपेनचं लिखाण टिकतं, जेल पेनचं बहुधा जातं. आमच्याकडे 2019 मध्ये एका अशिलाच्या सुनेने मोठ्या मायेने सगळ्या बिलांना इस्त्री केली. हाताने लिहिलेली बिलं छान सपाट झाली आणि मशीनमधून निघालेली चकचकीत कागदाची बिलं इस्त्री फिरताच काळी ठिक्कर पडली. तो कागद उष्णतेनेच छापतो. तेवढी बाजूला काढून पुस्तकात दाबून ठेवा.